पसरणीचा घाट आणि कानातलं पाणी

मेव्हण्यानं दिवाळीत नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि सांगलीहून सगळे आमच्याकडं साताऱ्याला आले. म्हणाला, "दाजी, चला महाबळेश्वरला, आवाज नाही, धूर नाही, लोण्यासारखी जाती." आणि खरंच, पाचवड गेलं, वाई गेली, गाडी लोण्यासारखीच चालली होती. वाई सोडून पसरणीचा घाट सुरू झाला आणि चौथ्या का पाचव्या वळणाला मागं बसून फोनवर गेम खेळणारा भाचा, सहावीतला पोरगा, एकदम गप्प झाला. एक जांभई दिली. मग अजून एक. मग तोंड पांढरंफटक, कपाळावर घाम, आणि "पप्पा गाडी थांबवा" म्हणेपर्यंत उशीर झालेला होता, नवीन सीट कव्हर, काय सांगायचं.

गाडी कडेला लावून पोराला चूळ भरायला पाणी दिलं आणि तिथंच घाटात चर्चासत्र बसलं. सासूबाई म्हणाल्या पित्त झालंय, सकाळी मिसळ कशाला दिली. बायको म्हणाली गाडीचा वास बसला असणार. मेव्हणा म्हणाला काही नाही, मनाचे खेळ हायत, मागच्या उन्हाळ्यात हाच पोरगा एसटीनं कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेला, तेव्हा काही झालं नाही. आणि ही शेवटची गोष्ट मला लागून राहिली. खडखडणाऱ्या लालपरीत, डिझेलच्या वासात काही होत नाही आणि बिनवासाच्या बिनआवाजाच्या गाडीत होतं, हे कसं? इलेक्ट्रिक गाडीत जास्त मळमळतं ही तक्रार आता बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतेय, म्हणून म्हणलं जरा नीट लिहून काढू.

हे पोटाचं दुखणं नाहीच

आपण मराठीत बरोबर बोलतो खरं तर. गाडी "लागते" म्हणतो, पोट बिघडलं म्हणत नाही. ऊन लागतं, ठेच लागते, नजर लागते तशी गाडी लागते, पूर्वी कोकणात बोटीनं जाणाऱ्यांना बोट लागायची. इंग्रजीत मळमळीला जो शब्द आहे, नॉशिया, तो तर जहाजासाठीच्या ग्रीक शब्दावरनंच आलाय. म्हणजे माणूस पाण्यावर गेला तेव्हापासनं हे चालू आहे, तेव्हा मिसळ नव्हती.

पोटाचा संबंध नाही हे कळलं कसं, तर त्याची गोष्ट भारी आहे. 1950 चं दशक संपता संपता अमेरिकेच्या नौदलाला आणि नासाला अंतराळात माणूस पाठवायचा होता, आणि भीती ही की तिथं वजनच नाही म्हणल्यावर माणसाला गरगरून मळमळून जाईल. म्हणून त्यांनी वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या बहिऱ्या मुलांच्या कॉलेजातले अकरा जण निवडले. त्यातल्या दहा जणांना लहानपणी मेंदूज्वर होऊन गेला होता आणि त्यात कानाचा आतला भाग निकामी झाला होता. या लोकांना गोल गोल फिरवलं, विमानात वरखाली केलं, एकदा तर कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाजवळ खवळलेल्या समुद्रात बोटीवर घेऊन गेले. प्रयोग करणारे शास्त्रज्ञच ओकून ओकून आडवे झाले आणि हे लोक मजेत पत्ते खेळत बसले. त्यांचं पोट आपल्यासारखंच होतं, जेवणही तेच होतं, फक्त आतला कान चालू नव्हता. म्हणजे ज्याचा आतला कान चालत नाही त्याला गाडी लागत नाही. याचा उलटा अर्थ असा की भाच्याला उलटी झाली कारण त्याचा कान ठणठणीत आहे.

कानात पाणी आणि खरवस

कानाचं काम ऐकणं एवढंच आपल्याला माहीत असतंय. पण पडद्याच्या आत, कवटीच्या हाडात खोल, जो भाग असतो त्याला अंतर्कर्ण म्हणतात, आणि त्याचं दुसरं काम आहे तोल सांभाळणं. इथनं पुढं मी नुसतं "कान" म्हणेन, पण डोक्यात हाच आतला कान धरा.

या कानात दोन प्रकारची यंत्रं आहेत. पहिलं म्हणजे तीन बारीक नळ्या, अर्धगोल वळलेल्या, एकमेकींना काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तशा. त्यात पाण्यासारखा द्रव असतो. आता घरात एक प्रयोग करा, पाण्यानं भरलेल्या तांब्यात वर एखादी तुळशीची पानं टाका आणि तांब्या झटकन स्वतःभोवती फिरवा. तांब्या फिरेल पण पाणी आणि पानं आहे तिथंच राहतील, जरा वेळानं फिरायला लागतील. कानातही असंच होतं, डोकं वळलं की नळी वळते पण द्रव मागं राहतो आणि आत एक मऊ पडदी आहे तिला ढकलतो, त्या पडदीत बारीक केस असतात ते वाकले की मेंदूला निरोप जातो, साहेब डोकं डावीकडं वळलं.

दुसरं यंत्र म्हणजे खरवस समजा. मऊ थलथलीत थर आणि त्याच्यावर चुनखडीचे बारीक बारीक कण पेरलेले, खरवसावर खसखस भुरभुरावी तसे. ताट तिरकं केलं किंवा झटक्यात पुढं सरकवलं की वजनामुळं खरवस थलथलतो ना, तसंच. गाडीनं ब्रेक मारला, पिकअप घेतला, लिफ्ट वर गेली, मान कलली, हे सगळं या खरवसावरनं मेंदूला कळतं.

कानाला वेग कळत नाही

इथं एक गोष्ट आहे जी लोक सांगत नाहीत आणि तीच महत्त्वाची आहे. कानाला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. पुणे-बेंगलोर हायवेला ऐंशीनं सरळ चाललेली गाडी आणि अंगणात उभी असलेली गाडी कानाला सारखीच. वळणाचंही तसंच. तांब्या फिरवत राहिलात तर थोड्या वेळानं पाणीही तांब्याच्या वेगानं फिरायला लागतं, तसं एकाच वेगानं गोल फिरत राहिलं की वीसेक सेकंदांत कान म्हणतो आता काही फिरत नाही. आणि थांबलं की? तांब्या थांबतो, पाणी फिरत राहतं. फुगडी सोडल्यावर सगळी आळी का फिरते ते हेच, पोरीबाळी थांबलेल्या असतात पण कानातलं पाणी अजून फुगडी खेळत असतं.

आता सांगलीची माणसं घाटात का ढेपाळतात ते बघा. सांगली-मिरज-तासगाव सगळा सपाट मुलूख, सरळ रस्ते, कान निवांत. पसरणीच्या घाटात मात्र दहा-बारा किलोमीटरभर वळण, चढ, ब्रेक, परत पिकअप, परत वळण, कानातल्या पाण्याला एक क्षण उसंत नाही. त्यातही सगळ्या हालचाली सारख्या वाईट नसतात. जहाजांवर आणि हलत्या केबिनमध्ये बसवून माणसांवर चाचण्या झाल्यात, त्यात असं दिसलं की साधारण पाच सेकंदांत एक झोका असा संथ हेलकावा सगळ्यात जास्त मळमळ आणतो. खड्ड्यातले दणके कंबर मोडतील पण उलटी फारशी आणणार नाहीत. म्हणून घोड्यावर बसून सहसा मळमळत नाही पण उंटावर लोकांना होतं, आणि मऊ मऊ सस्पेन्शनच्या बस, ज्या होडीसारख्या डुलत वळणं घेतात, त्या काही जणांना खडखडणाऱ्या लाल गाडीपेक्षा जास्त लागतात. आराम म्हणून जास्त पैसे दिलेले असतात, ते वेगळं.

चौकशी खिडकी एक सांगते, स्पीकर दुसरंच

कान एकटा निरोप देत नाही. डोळे देतात, मानेचे पाठीचे स्नायू देतात, तळपाय देतात. चालताना, पळताना, शिडी चढताना या सगळ्यांचा निरोप जुळतो. आता कुठल्याही मोठ्या एसटी स्टँडवर उभे आहात असं समजा, चौकशी खिडकीवाला सांगतो गाडी चार नंबरच्या फलाटाला लागणार, स्पीकरवर ऐकू येतं सातला लागणार, आणि तुम्ही दोन पिशव्या आणि एक पोर घेऊन मधे उभे. पहिल्यांदा होईल तेव्हा इकडंतिकडं बघाल. दर पाच सेकंदाला घोषणा बदलली तर? डोकं फिरेल.

भाच्याचं हेच झालं. डोळे फोनवर, फोन हातात स्थिर, डोळे सांगतायत आपण बसलोय, काही हलत नाही. कान सांगतोय डावीकडं वळलो, उजवीकडं वळलो, मागं ढकललो. ह्याला शास्त्रात संवेदनांचा विसंवाद म्हणतात, हा शब्द एकदाच सांगितला, पुढं भांडण म्हणतो. पुस्तक वाचलं, बोटीच्या बंद केबिनमध्ये बसलं, तरी भांडण हेच. आणि ते उलटंही होतं, शरीर स्थिर आणि डोळे म्हणतात आपण चाललोय. मोठ्या पडद्यावर थरथरत्या कॅमेऱ्याचा सिनेमा बघून किंवा डोळ्याला तो व्हीआरचा डबा बांधून पोरांना मळमळतं ते हे. याची छोटी आवृत्ती तुम्ही अनुभवली असणार, स्टँडवर आपली गाडी उभी असते, शेजारची हलते, आणि क्षणभर वाटतं आपलीच मागं चालली, पाय आपोआप ब्रेक शोधतो.

"मग डोळे मिटले की भांडण मिटलं"

हा प्रश्न मेव्हण्यानं विचारला आणि बरोबरच विचारला. डोळे मिटल्यावर बऱ्याच जणांना बरं वाटतं हे खरंय. पण पूर्ण मिटत नाही, आणि जन्मापासनं न दिसणाऱ्या माणसांनाही गाडी लागू शकते. त्यांच्या डोळ्यांचा निरोपच नाही तर भांडण कुणाशी?

भांडण असतंय अंदाजाशी. मेंदू निरोप येईपर्यंत गप्प बसून राहत नाही, आता काय निरोप येणार याचा अंदाज आधीच बांधून ठेवतो. पायरी उतरताना अंधारात शेवटची पायरी आहे असं वाटून पाय टाकतो आणि तिथं सपाट जमीन निघते, तेव्हा कसा सगळ्या अंगाला दणका बसतो, पायरीएवढाच फरक असतो खरं तर. दणका जमिनीचा नसतो, चुकलेल्या अंदाजाचा असतो. गाडीत मागं बसलेल्याचा हा अंदाज मिनिटात पाच-दहा वेळा चुकत असतो.

ड्रायव्हरला गाडी का लागत नाही त्याचं उत्तर इथंच आहे. मेव्हणा स्टिअरिंग फिरवायच्या आधीच त्याच्या मेंदूला माहीत असतं की आता डावीकडं जोर बसणार, कानाचा निरोप आला की "हां, माहितीय" म्हणून बाजूला. अजून एक गंमत पुढच्या वेळी बघा. वळणावर ड्रायव्हरचं डोकं वळणाच्या आतल्या बाजूला कलतं आणि बाकी सगळ्यांची डोकी बाहेर फेकली जातात. प्रवाशांना मुद्दाम ड्रायव्हरसारखं आत कलायला सांगून बघितलंय, त्यांना त्रास कमी झाला. पोरांना मोटारसायकलचा खेळ म्हणून शिकवता येतं हे.

बरं, पण उलटीच का?

भांडण डोक्यात आहे तर डोकं दुखावं, पोटानं काय घोडं मारलंय? याचं एक प्रसिद्ध उत्तर ट्रीझमन नावाच्या शास्त्रज्ञांनी 1977 साली मांडलं. त्यांचं म्हणणं असं की लाखो वर्षं माणूस गाडीत बसत नव्हता. कान आणि डोळे यांचे निरोप जुळत नाहीत असं तेव्हा कधी व्हायचं, तर काहीतरी विषारी पोटात गेलं तर. दारू जास्त झालेल्याला खोली फिरताना दिसते, तसं. मग मेंदूनं धडा घेतला की निरोप जुळेनात म्हणजे विष, आणि विष म्हणजे पोट रिकामं करा. मेंदूच्या देठाशी एक भाग आहेच जो रक्तातलं विष हुंगत बसलेला असतो आणि उलटीचा हुकूम देतो. बिचाऱ्याला पसरणीचा घाट माहीत नाही, त्याला वाटतं पोरानं धोतऱ्याचं बी खाल्लं.

ऐकायला झकास आहे, पण हे पक्कं सिद्ध झालेलं नाही आणि शंका काढणारेही आहेत. विषावरचा उपाय असेल तर उलटी व्हायला अर्धा अर्धा तास का लागतो, आणि सगळ्यात जास्त काहीबाही तोंडात घालणारी दोन वर्षांखालची पोरं, त्यांना गाडी जवळपास लागतच नाही, हे कसं? माझं मत विचाराल तर कल्पना चांगली आहे, तिच्यावर जमीन गहाण ठेवू नये.

आणि हे फक्त माणसाचं नाही. कुत्र्याला गाडी लागते, माशांनासुद्धा लागल्याचं दिसलंय. आपल्या घरात मोरीत फिरणारी चिचुंद्री, जिला आपण झाडू घेऊन हाकलतो, ती या विषयातली मोठी असामी आहे. थोडा वेळ मागंपुढं हलवलं की ती ओकते, म्हणून गाडी लागण्यावरच्या औषधांचा अभ्यास तिच्यावर होतो. उंदीर त्या कामाचा नाही, उंदराला ओकताच येत नाही, त्याला मळमळलं की तो माती खातो.

मलाच का लागते, हिला का नाही?

दोन वर्षांखाली जवळजवळ नाही, मग वाढत वाढत सहा-सात ते बारा वर्षांच्या पोरांना सगळ्यात जास्त, पुढं वयानुसार कमी होत जातं. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, आणि पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात अजून. अर्धशिशीवाल्यांना खूप. घराण्यातही चालत येतं, 2015 साली छापलेल्या मोठ्या अभ्यासात याच्याशी संबंध असलेल्या पस्तीस जागा आपल्या जनुकांमध्ये सापडल्या, त्यातल्या बऱ्याच कानाशी आणि तोलाशी संबंधित. म्हणजे आईला गाडी लागत असेल तर पोराला "तुलाच काय होतंय रे" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

आणि कमजोरी म्हणाल तर चार्ल्स डार्विन 1831 ते 1836 जगाची फेरी करत होता त्यातला बराच वेळ बोट लागून आडवा होता, इंग्लंडचा ॲडमिरल नेल्सन, अख्खं आयुष्य आरमारात, त्यालाही लागायची. 1961 साली रशियाचा गेरमान तितोव अंतराळात गेला आणि तिथं उलटी करणारा पहिला माणूस ठरला. अंतराळवीर म्हणजे निवडून निवडून घेतलेली माणसं, तरी त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना पहिले दोन-तीन दिवस असा त्रास होतो, कारण वजन नाही म्हणल्यावर तो खरवस तरंगायला लागतो. आपले राकेश शर्मा 1984 ला गेले तेव्हा योगासनांचा यावर काही उपयोग होतो का हा प्रयोगही त्यांच्याकडं होता. मग दोन-तीन दिवसांनी बरं कसं वाटतं? मेंदू नवा अंदाज शिकतो. महाबळेश्वर डेपोच्या कंडक्टरला रोज उभ्यानं तिकिटं फाडून काही होत नाही ते असंच.

मग मनाचे खेळ काहीच नाहीत?

थोडे आहेत, मेव्हण्याचा मान राखून सांगतो. 1995 साली इस्रायलच्या नौदलाच्या कॅडेटांवरचा एक अभ्यास छापून आला. काहींना आधीच सांगितलं होतं की तुम्हाला बोट लागणार नाही आणि लागली तरी काम अडणार नाही. त्यांना खरंच कमी लागली. त्यामुळं घरातनं निघतानाच "ह्याला पिशवी घ्या, हा ओकणारच" असा जाहीर कार्यक्रम करू नये. पिशवी गुपचूप घ्यावी.

वासाचंही असंच. एकदा डिझेलच्या वासात उलटी झाली की मेंदू दोन्हीची गाठ मारून ठेवतो, पुढच्या वेळी गाडी सुरू व्हायच्या आधी नुसत्या वासानं ढवळतं. बायकोचं अगदीच चुकलं नव्हतं, पण वास हा साथीदार आहे, मुख्य आरोपी नाही.

इलेक्ट्रिक गाडीत जास्त का?

आता मूळ प्रश्नाकडं. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलेटरवरनं पाय काढला की मोटर उलटं काम करते, चाकांची ताकद परत बॅटरीत भरते, आणि गाडी आपोआप हळू होते, ब्रेक न दाबता. बॅटरीला चांगलं. पण मेव्हणा प्रत्येक वळणाला पाय काढतो, गाडी बसते, पाय देतो, गाडी उसळते, आणि मागच्या खरवसाचं काय होतं विचारू नका. ब्रेकमध्ये असतं त्यापेक्षा हे संथ असतं, त्या वाईट हेलकाव्याच्या जवळ जाणारं.

दुसरं कारण मला जास्त पटतं, आवाज. लालपरीत ड्रायव्हरनं गिअर टाकला की अख्ख्या गाडीला कळतं. इंजिन कण्हलं म्हणजे चढ आला, गुरगुरलं म्हणजे वेग वाढणार, खर्रर्र झालं म्हणजे वळण. आपण लक्ष देत नाही पण मेंदू त्याच्यावर अंदाज बांधत असतो. इलेक्ट्रिक गाडीत ही आगाऊ नोटीसच बंद झाली. त्यात भाचा फोनमध्ये, म्हणजे खिडकीतनंही नोटीस नाही. एसटीत फोनला रेंज नव्हती म्हणून तो बाहेर बघत होता, हे नंतर त्यानंच सांगितलं.

एसटीच्या ताफ्यातही 2022 पासनं ई-शिवाई या इलेक्ट्रिक बस आल्यात, म्हणजे हा प्रश्न फक्त नव्या गाडीवाल्यांचा नाही. गाडीच्या सेटिंगमध्ये पाय काढल्यावर गाडी मागं ओढली जाते तो जोर कमी करता येतो, घाट चढताना कमी ठेवावा. उतरताना मात्र त्यानं ब्रेक तापायचे वाचतात, तेव्हा तो राहू द्यावा आणि पाय हळूहळू सोडावा.

वडापची मागची सीट

आमच्या भागात वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपला मागं समोरासमोर आडव्या फळ्या असतात. गाडी लागणाऱ्यासाठी याच्यापेक्षा वाईट जागा बनवता येणार नाही, तोंड आडवं, समोर खिडकी नाही तर समोरच्याचे गुडघे, आणि चाकाच्या मागं म्हणून हेलकावा सगळ्यात मोठा. आणि होतं काय, ज्याला लागते ते बारकं पोरगं किंवा म्हातारी, त्यांनाच मागं कोंबतात आणि धडधाकट मामा पुढं ड्रायव्हरशेजारी पाय पसरून. माझं एवढंच म्हणणं आहे की पुढची जागा ज्याला लागते त्याची. एसटीत पुढच्या दोन-तीन रांगा, निदान दोन्ही चाकांच्या मधे. कारमध्ये लहान पोराला मागंच बसवायचं, पण मधल्या सीटवर, पट्टा लावून, समोरच्या काचेतनं रस्ता दिसेल असं.

नजर लांब, रस्त्यावर नाहीतर समोरच्या डोंगरावर. बाजूची पळणारी झाडं बघू नका. डोकं सीटला टेकवून ठेवा, आणि गाडी वळत असताना खाली वाकून पिशवीत बाटली शोधू नका, कारण वळण चालू असताना मान वाकवली की एकीबरोबर दुसरी नळीही जागी होते आणि मेंदूला कळतच नाही आपण कुठं कुठं फिरतोय. तापोळ्याला बोटीत बसलात तर फळकुटावर वाकून फोटो बघू नका, पलीकडचा काठ बघा. जांभया, तोंडाला पाणी सुटणं, थंड घाम ही पहिली सूचना, तेव्हाच काच खाली करा, सावकाश मोजून श्वास घ्या, जमलं तर गाडी थांबवून चार पावलं चाला. ओकारी आल्यावर नाही, तेव्हा वेळ गेलेली असते.

पोट अगदी रिकामंही नको आणि तर्रीवाली मिसळही नको. सासूबाईंचं इथं अर्धं बरोबर, मिसळीनं गाडी लागत नाही पण लागल्यावर मिसळ परत भेटते.

गोळी कधी, आणि कुठली नाही

यावरच्या औषधाची गोष्ट अपघाताची आहे. 1947 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला ॲलर्जीची नवी गोळी दिली, तिनं परत येऊन सांगितलं पित्ताचं जाऊ द्या, मला ट्राम लागायची ती बंद झाली. मग त्याच गोळ्या सैनिकांच्या जहाजावर देऊन बघितल्या आणि चालल्या. आपल्याकडची ॲव्होमिन त्याच कुळातली, ॲलर्जीच्या जुन्या औषधांतली. या औषधांनी झोप येते, आणि ते मेंदूत पोचतं म्हणूनच काम करतं. सर्दीची झोप न आणणारी नवी गोळी म्हणून इथं उपयोगी पडत नाही. उलटीवर सर्रास देतात ती ऑन्डॅनसेट्रॉनसुद्धा गाडी लागू नये म्हणून चालत नाही, ती दुसऱ्या वाटेनं आलेल्या उलटीवर काम करते.

गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर पोटाचं कामकाज मंदावतं, गोळी तिथंच पडून राहते. घेतल्यावर गाडी चालवायची नाही, स्कूटीसुद्धा. दोन वर्षांखालच्या बाळाला ॲव्होमिन नाहीच, आणि मोठ्या पोरांना, गरोदर बाईला, काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असलेल्या म्हाताऱ्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. परदेशात कानामागं लावायची एक पट्टी मिळते, तिच्यातलं औषध स्कोपोलामिन, आणि ते आपल्या धोतऱ्यात असतं. हे वाचून कुणी धोतरा चावू नये, त्यात माणूस जातो.

आणि गाडीत न बसताच घर फिरत असेल, कूस बदलली की गरगरत असेल, एका कानानं कमी ऐकू येत असेल तर ती गाडी लागणं नाही, कानाच्या डॉक्टरकडं जा. कूस बदलल्यावर गरगरतं ते बऱ्याचदा त्या खरवसावरचे कण सुटून नळीत गेल्यामुळं होतं आणि डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून ते बऱ्याचदा जागेवर आणता येतात.

पेपरवर बसणं, आलेपाक, वगैरे

बुडाखाली पेपर घालून बसलं की गाडी लागत नाही, हे सासूबाईंचं ठाम मत. कानाला पेपर वाचता येत नाही. फक्त मी वर कॅडेटांचं सांगितलंय, तेव्हा पोराचा विश्वास असेल तर पेपर काढून घेऊ नका. आल्याचं जरा वेगळं आहे, काही अभ्यासांत थोडा फायदा दिसला, काहींत नाही, पण तोटा नाही आणि सातारा जिल्ह्यात आल्याला काय तोटा, आलेपाकाची वडी खिशात ठेवा. लिंबू हुंगणं, लिमलेटची गोळी, मनगटाचा पट्टा, सगळं तसंच, बरं वाटत असेल तर करा.

परतताना आम्ही मेढ्याच्या बाजूनं केळघर घाट उतरलो. भाचा मधल्या सीटवर, आजीच्या पेपरवर, फोन आईच्या शपथेवर बंद, आणि त्याला काम दिलं होतं प्रत्येक वळण आधी ओरडून सांगायचं. "डावं! उजवं! पप्पा म्हैस!" पोरगं एकदम ताजंतवानं. मी कडेला बसून हे सगळं विसरायच्या आत फोनवर टाइप करत होतो. केळघर यायच्या आधीच मला पहिली जांभई आली. मग दुसरी आली. सासूबाईंनी मागं वळून बघितलं आणि विचारलं, "जावईबापू, पेपर देऊ का?"